तिसऱ्या मजल्याचा टॅक्ट टाइम

नगरपालिकेच्या तक्रार निवारण कक्षात तक्रारींचं निवारण होत नाही, अशी एक तक्रार तक्रार निवारण कक्षाकडे आली. कक्षाने ती रीतसर नोंदवून घेतली, तिला क्रमांक दिला आणि इतर तक्रारींच्या खाली ठेवली. तिथे ती सुखाने राहिली असती. पण तक्रारदार वर्तमानपत्रात नोकरीला निघाला. चौथ्या दिवशी ती तक्रार छापून आली आणि मोठ्या साहेबांना सकाळच्या चहाबरोबर वाचावी लागली.

कक्षाचे हेडक्लार्क सावकाशराव. हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. कोणताही कागद समोर आला की ते त्यावर हात ठेवत आणि म्हणत, "सावकाश. घाईत काम बिघडतं." पंचवीस वर्षांत त्यांनी एकही काम बिघडू दिलं नव्हतं, कारण बिघडण्यासाठी काम आधी व्हावं लागतं. त्यांच्या कक्षात चार टेबलं होती. पहिल्यावर नोंदणीबाई तक्रार नोंदवत. दुसऱ्यावर छाननीवाले ती तक्रार खरोखरच तक्रार आहे की नुसतं मन मोकळं केलेलं आहे, हे तपासत. तिसऱ्यावर स्वतः सावकाशराव शेरा लिहीत. चौथ्यावर शिक्केमामा शिक्का मारत, आणि मग कागद मागच्या अंगणात बसलेल्या नळमिस्त्री, दिवेमिस्त्री, लिफ्टमिस्त्री यांच्याकडे जाई. मिस्त्री मंडळी कागदाची वाट बघत पत्ते खेळत. त्यांचा खेळ सहसा मोडत नसे.

याच सुमारास सावकाशरावांच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडली. इमारत नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांची, आणि लिफ्टही नगरपालिकेचीच. ती दोन मजल्यांच्या मध्ये जाऊन थांबली आणि तिथेच रमली. तरुण मंडळींनी दोन दिवस कुरकुर केली आणि मग जिन्याने व्यायाम होतो असं एकमेकांना सांगू लागली. पण तिसऱ्या मजल्यावर सावकाशरावांची आई होती, आणि तिचे गुडघे व्यायामाच्या पलीकडे गेलेले होते.

आईची धाकटी बहीण, म्हणजे सावकाशरावांची मावशी, गल्लीपलीकडच्या इमारतीत राहायची. तीही तिसऱ्याच मजल्यावर. मावशीचं कंबरेचं हाड मोडलेलं, तिला चालता येत नव्हतं, घरची माणसं उचलून गॅलरीतल्या खुर्चीत बसवत तेवढंच. म्हणून रोज संध्याकाळी आई आपल्या लिफ्टने खाली उतरे, गल्ली ओलांडे, समोरच्या लिफ्टने वर जाई आणि मावशीच्या पलंगाला खुर्ची लावून बसे. लिफ्ट बंद पडल्यापासून दोघी आपापल्या गॅलरीत बसून गल्लीच्या वरून बोलू लागल्या. मावशीला कमी ऐकू यायचं, आणि फोनवर तर नुसती घरघर. त्यामुळे दोघींच्या पथ्यपाण्यापासून सुनांच्या स्वभावापर्यंत सगळं काही आता गल्लीच्या तोंडपाठ झालं होतं. इस्त्रीवाला तर मावशीच्या गोळ्यांची वेळ चुकली की खालून आठवण करून द्यायचा.

"अरे, ती पोरीकडे चालली रे कायमची," आई एका रात्री जेवताना म्हणाली. "नातवंडांच्या परीक्षा संपल्या की गाडी घेऊन येणार आहेत न्यायला. लांबचं गाव. पुन्हा कुठली दिसतेय ती मला? त्याआधी एकदा तिच्या शेजारी बसायचंय. मला तिला एक गोष्ट सांगायची आहे."

"मग गॅलरीतून सांग ना."

"गॅलरीतून सांगण्यासारखी असती तर आजवर ठेवली असती का पोटात?"

सावकाशरावांची बायको म्हणाली, "अहो, चौघं मिळून खुर्चीत बसवून उतरवू या त्यांना."

"चौघांनी उचलून न्यायचा एक दिवस प्रत्येकाला ठरलेलाच आहे," आई म्हणाली. "त्याच्या आधी मी उचलून घ्यायची नाही. लिफ्ट दुरुस्त कर म्हणावं तुझ्या त्या कचेरीला. तू तिथे इतकी वर्षं काय करतोस?"

या प्रश्नाचं उत्तर सावकाशरावांनी सावकाश देण्याचं ठरवलं. अडचण अशी होती की लिफ्टची तक्रार अजून कुणी केलेलीच नव्हती. इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची समजूत अशी, की तक्रार कक्षाचा हेडक्लार्कच आपल्यात राहतो म्हटल्यावर तक्रार केव्हाच झाली असणार. वर आपण केली तर त्यांचा अपमान. आणि सावकाशरावांचं मत असं, की आपल्याच कक्षात आपणच तक्रार करणं म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणीतरी शेजारी करीलच. लिफ्टमिस्त्रीही त्याच इमारतीत राहायचा, पण तळमजल्यावर. लिफ्ट बंद असल्याचं त्याला ऐकून माहीत होतं.

*

वर्तमानपत्रातल्या त्या तक्रारीवर मोठ्या साहेबांनी सल्लागार नेमला. सल्लागार तरुण होता, बूट चकचकीत होते आणि आजवर त्याने तीन कारखाने सुधारले होते. त्यातला एक अजून चालू होता. त्याने कक्षातल्या चौघांना फळ्यासमोर बसवलं.

"तुमचा ग्राहक कोण?" त्याने विचारलं.

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

"खिडकीशी येतात ते?" नोंदणीबाई चाचरत म्हणाल्या.

"करेक्ट! आणि ग्राहक ज्या वेगाने मागतो, त्याच वेगाने आपण द्यायचं. याला म्हणतात टॅक्ट टाइम. हातात असलेला वेळ भागिले ग्राहकाची मागणी. इतकं सोपं. हळू केलंत तर ग्राहक ताटकळतो. आणि जास्त भरभर केलंत तर माल साचतो. मागणीपेक्षा जास्त माल साचणं हे सगळ्यात मोठं पाप आहे."

"इथे माल म्हणजे काय धरायचं?" छाननीवाल्यांनी विचारलं.

"निवारण."

"साचलेलं निवारण मी तरी इथे पाहिलेलं नाही," शिक्केमामा म्हणाले. पण सल्लागाराने ते फळ्यावर घेतलं नाही.

मग हातातला वेळ मोजणं आलं. कागदोपत्री आठ तासांचा दिवस. त्यातून जेवण वजा केलं, दोन चहा वजा केले, तिसरा चहा 'चर्चा' या सदरात वजा केला. संगणक बंद पडण्याचा वेळ, तो चालू होईल म्हणून वाट बघण्याचा वेळ, साहेबांनी बोलावण्याचा वेळ आणि साहेब जागेवर नाहीत असं कळून परत येण्याचा वेळ, असं करत निव्वळ चार तास उरले. एवढे उरलेले पाहून छाननीवाल्यांनाच आश्चर्य वाटलं. रोजच्या तक्रारी सरासरी चाळीस. म्हणजे एका तक्रारीला सहा मिनिटं.

सल्लागाराने भिंतीवर एक बेल बसवली. दर सहा मिनिटांनी ती वाजणार, आणि वाजली की प्रत्येक टेबलावरचा कागद पुढच्या टेबलावर सरकणार. झाला असो की नसो.

'टॅक्ट टाइम' हा शब्द कार्यालयीन भाषेत बसेना, म्हणून भाषा विभागाने त्याला 'मागणीसापेक्ष निर्धारित कार्यकालांतर' असा प्रतिशब्द पाठवला. तो पूर्ण उच्चारेपर्यंत एकदा बेल वाजून गेली, तेव्हापासून सगळे टॅक्टच म्हणू लागले.

पहिल्या दिवशी कक्षात अभूतपूर्व दृश्य दिसलं. कागद हलत होते. सावकाशरावांना शेरा लिहायची सवय ठरलेली: आधी पेन झटकायचं, मग कागद वाचायचा, मग खिडकीबाहेर बघायचं, मग लिहायचं. सहा मिनिटांत ते खिडकीपर्यंत पोचत. नंतर त्यांनी खिडकी वगळली, तरी शेरा पुरा होईना. "पाहणी करून योग्य ती" इथपर्यंत हात यायचा आणि बेल वाजायची. शिक्केमामा तेवढ्यावर शिक्का मारत. दिवसाअखेर चाळीस तक्रारी निवारण होऊन बाहेर पडल्या आणि सगळ्यांवर लिहिलेलं होतं, "पाहणी करून योग्य ती".

नळमिस्त्रीने पाहणी केली. नळ गळत होता. योग्य ती काय करायची ते लिहिलेलं नसल्यामुळे तो परत आला.

दुसऱ्या दिवशी ते चाळीस लोक 'योग्य ती' म्हणजे काय हे विचारायला आले. सल्लागाराच्या पद्धतीत विचारणा ही नवी तक्रारच. शिवाय त्या दिवसाच्या नव्या चाळीस होत्याच. मागणी ऐंशी झाली, टॅक्ट तीन मिनिटांवर आला.

"बघा!" सल्लागार मोठ्या साहेबांना म्हणाला. "सेवा सुधारली की मागणी वाढते. लोक पुन्हा पुन्हा येताहेत. कुठल्याही दुकानदाराला विचारा, याहून मोठी पावती नाही."

तीन मिनिटांत शेरा "पाहणी" इथवरच जाई. मग लोक कसली पाहणी, कुणाची पाहणी, केव्हा पाहणी हे विचारायला येऊ लागले, आणि हे एकाच माणसाचे तीन प्रश्न म्हणजे तीन मागण्या झाल्या. बेल मिनिटावर आली, मग अर्ध्या मिनिटावर. छाननीवाले कागद सुलटा आहे एवढंच छानू लागले. नोंदणीबाई नाव लिहीत, आडनाव बेल खाई. सावकाशराव नुसती एक रेघ ओढू लागले. तिला लोक आशेने सही समजत.

रांग इमारतीला वळसा घालून मागच्या अंगणात, मिस्त्रींच्या पत्त्यांपर्यंत पोचली. छाननीवाल्यांनी विचारलं, "रांगेतल्या लोकांनाही मागणीत धरायचं का? धरलं तर बेल थांबणारच नाही, तिचा सायरन होईल."

सगळ्यांनी सावकाशरावांकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत प्रथमच त्यांनी तातडीने निर्णय दिला, आणि उभ्या उभ्या अख्खा शेरा लिहिला: "बेल वाजून कागद नोंदणीच्या टेबलावरून पुढे सरकल्याशिवाय तक्रार आली, असे समजण्यात येऊ नये." सल्लागाराने त्यांचा हात हातात घेऊन दाबला. तो शेरा चौकटीत बसवून भिंतीवर लावण्यात आला. सावकाशरावांना घरी जाताना जरा उंच झाल्यासारखं वाटलं.

घरी मात्र दिव्याखाली अंधार होता. लिफ्ट आपल्या जागी होती. सावकाशरावांच्या अंगात बेल इतकी भिनली होती, की जेवताना दर अर्ध्या मिनिटाने ते समोरचं ताट पुढच्या माणसाकडे सरकवत.

"अहो, माझं ताट मला असू द्या," बायको म्हणाली. "आणि त्या लिफ्टचं काय झालं? मावशींच्या घरी बांधाबांध सुरू झाली आहे."

"आत्ता नाही. आत्ता एक तक्रार वाढली, तर चौघांचेही सेकंद कमी होतात. नोंदणीबाईंना आडनाव तर गेलंच, नावही लिहिता यायचं नाही. शेजाऱ्यांपैकी कुणी केली नाही का अजून?"

"शेजारीण आजच जिन्यात म्हणाली, तुमच्या साहेबांनी केली असेलच, आम्ही कशाला मध्ये पडू."

आई ताटावरून उठली. ती गॅलरीत जाऊन बसली. पलीकडे मावशी आपल्या खुर्चीत बसलेली होती. दोघींनी बराच वेळ एकमेकींकडे पाहिलं, आणि आईने ओरडून विचारलं, "जेवलीस का गं?"

*

तक्रारींचा वाढता आकडा वरपर्यंत गेला, तेव्हा मोठ्या साहेबांचा चेहरा पडला. कारण सल्लागाराला जे मागणी म्हणून दिसत होतं, ते वरच्यांना तक्रारी म्हणून दिसत होतं. सल्लागार डगमगला नाही. तो म्हणाला, "भागाकाराला दोन बाजू असतात. वेळ वाढवता येत नाही. मग आपण मागणीचं नियोजन करू."

त्याप्रमाणे नागरिकांनी एकदम तक्रार करू नये, ठरलेल्या दिवशी करावी असं जाहीर झालं. सोमवारी पाणी, मंगळवारी दिवे, बुधवारी गटारं, गुरुवारी लिफ्ट. शुक्रवार संकीर्ण आणि वैयक्तिक दुःखं. बुधवारी नळ फुटलेल्या एका गृहस्थाला पाणी गटारात सोडा, म्हणजे गटाराची तक्रार म्हणून आजच घेता येईल, असा सल्ला खिडकीवर मिळाला. शिवाय एका इमारतीतून दहा तोंडांनी दहा तक्रारी नकोत म्हणून प्रत्येक इमारतीला एक प्रतिनिधी नेमण्यात आला. तक्रार करील तर तोच. सावकाशरावांच्या इमारतीने टाळ्यांच्या गजरात, एकमताने, कुणाला नेमलं असेल हे सांगायला नको. शेजाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता तर तक्रार न करणं हे त्यांचं कर्तव्यच झालं.

आकडा उतरू लागला. इतर इमारतींचे प्रतिनिधीही कामाची माणसं होती. त्यांनाही सवड नव्हती. लोकांना सवय झाली. गळत्या नळाखाली बादली ठेवली, अंधाऱ्या जिन्यात कठड्याला धरून चालले. सवयीइतकी स्वस्त दुरुस्ती दुसरी नाही. दिवसाला चार तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा टॅक्ट एका तासावर गेला.

सावकाशरावांचा जीव भांड्यात पडला. आता पेन झटकता येत होतं, वाचता येत होतं, खिडकीबाहेर तर हवं तितकं बघता येत होतं. शेरा वीस मिनिटांत होई. उरलेली चाळीस मिनिटं कागदावर हात ठेवून बसावं लागे, कारण बेलच्या आधी पुढे सरकवणं म्हणजे पाप. एकदा शिक्केमामांनी एका बाईच्या पाण्याच्या तक्रारीवर बेलच्या आधीच शिक्का मारला, तेव्हा सल्लागाराने त्यांना लेखी विचारलं, की ग्राहकाने इतक्या लवकर मागितलं होतं का? बाई रडत होती, एवढंच शिक्केमामांना उत्तर देता आलं.

मग दिवसाला एक तक्रार. मग दोन दिवसांत एक. आणि एका गुरुवारी सकाळी नोंदणीबाई फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या.

"अख्ख्या आठवड्यात एकही नाही," त्या म्हणाल्या. "चार तास भागिले शून्य. किती लिहू?"

छाननीवाले म्हणाले, "शून्याने भागता येत नाही. शाळेत मास्तर मारायचे."

सल्लागाराला फोन लावला. पलीकडून आनंदाची आरोळी चौघांनाही ऐकू आली. "अनंत! अनंत लिहा! आजवर कुठल्याही कारखान्याला हे जमलेलं नाही!"

नोंदणीबाईंनी फळ्यावर लिहिलं: टॅक्ट टाइम — अनंत. भिंतीवरच्या बेलची तार काढून ठेवण्यात आली. मोठ्या साहेबांनी ताबडतोब 'तक्रारमुक्त शहर' या पुरस्कारासाठी नाव धाडलं.

आणि त्याच सकाळी सावकाशराव खिशात एक कागद घेऊन आले होते. परीक्षा शुक्रवारी संपत होत्या आणि गाडी रविवारी दुपारी येणार होती. आदल्या रात्री आई त्यांना म्हणाली होती, "राहू दे रे. नाही जमत तर राहू दे. तू तरी काय करणार?" आई रागावली असती तर सावकाशराव एखादा महिना सहज काढू शकले असते. पण हे 'राहू दे' त्यांना लागलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे उठून त्यांनी तक्रार लिहिली. पेन न झटकता, खिडकीबाहेर न बघता. गुरुवार होता, म्हणजे लिफ्टचाच वार. प्रतिनिधी ते स्वतःच. नियमात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

त्यांनी कागद नोंदणीबाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी वाचला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब, आईंची लिफ्ट अजून बंदच आहे? मला वाटलं, तुमच्या घरचं काम म्हणजे केव्हाच झालं असेल."

"सगळ्यांनाच तसं वाटलं. घ्या, पुढे सरकवा."

"सरकवते की. बेल वाजू द्या."

"बेलची तार काढली आहे."

"हो ना. टॅक्ट अनंत आहे."

"अहो बाई, पण आता एक तक्रार आली ना! म्हणजे मागणी एक झाली. चार तास भागिले एक. चार तासांनी बेल वाजलीच पाहिजे!"

नोंदणीबाईंनी भिंतीकडे पाहिलं. सावकाशरावांनीही पाहिलं. चौकटीतलं अक्षर सुरेख आणि त्यांचंच होतं. बेल वाजून कागद पुढे सरकल्याशिवाय तक्रार आली, असे समजण्यात येऊ नये. आणि तक्रार आली असे समजल्याशिवाय बेल वाजायची नव्हती.

"मग हा कागद काय आहे?" सावकाशरावांनी टेबलावर बोट आपटलं.

"आलेला नाही अजून," नोंदणीबाई अगदी हळुवार आवाजात म्हणाल्या.

सावकाशराव तडक मागच्या अंगणात गेले. लिफ्टमिस्त्री पत्ते पिसत होता.

"अरे, आपल्या इमारतीची लिफ्ट. तू आजच्या आज बघून घे बाबा. माझ्या आईला खाली उतरवायचंय."

"बघतो की साहेब! दहा मिनिटांचं काम असेल. कागद द्या."

"कागद नंतर येईल."

लिफ्टमिस्त्रीने पत्ते खाली ठेवले. तो दुखावला होता. "साहेब, तुम्हीच असं म्हणावं? मागणीआधी काम करणं म्हणजे काय, ते आम्हा सगळ्यांना उन्हात उभं करून शिकवलंय. शिक्केमामांना लेखी विचारलं ते विसरलात? त्या पत्रावर सल्लागाराच्या खाली सही तुमचीच होती. माझीही पोरंबाळं आहेत."

मग ते मोठ्या साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, पुरस्काराची पाहणी होईपर्यंत कळ काढा. एका लिफ्टसाठी अख्ख्या शहराचं शून्य मोडायचं का? त्यांनी हे इतक्या आपुलकीने विचारलं, की सावकाशरावांच्या तोंडून "नाही साहेब" निघून गेलं.

त्या संध्याकाळी ते घरी आले आणि आईच्या पायाशी बसले. "आई, रविवारी सकाळी मी चौघांना घेऊन येतो. खुर्चीत बस. माझ्यासाठी बस."

आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "बरं. बसते. तिच्यासाठी बसते."

पण गाडी शनिवारीच आली. मावशीच्या जावयाला सुट्टी एक दिवस आधी मिळाली होती. सावकाशराव कचेरीत होते. पाहणीसाठी फळा पुसून 'अनंत' पुन्हा ठळक काढत होते. बायकोचा फोन आल्यावर ते धावत सुटले. आयुष्यात प्रथमच धावले, त्यामुळे त्यांना ते नीट जमलं नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा मावशीला समोरच्या लिफ्टने खाली आणून गाडीत बसवत होते. ती लिफ्ट खाजगी होती, अजिबात आवाज न करता उतरली. वर तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत आई कठड्याला धरून उभी होती.

गाडी चालू झाली. मावशीने खिडकीची काच खाली करून वर पाहिलं. आणि आईने, जी गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली होती, शेजारी बसूनच सांगायची होती, ती गॅलरीतून ओरडून सांगितली.

गल्ली जागच्या जागी थांबली. इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली. जिने चढणारे शेजारी जिन्यातच उभे राहिले. सगळ्यांनी ती गोष्ट ऐकली, आणि एकानेही पुढे कधी उच्चारली नाही. गल्लीच्या नावावर एवढी तरी चांगली गोष्ट लागो. मावशीने कानामागे हात धरला.

"काय म्हणालीस गं? गाडीच्या आवाजात ऐकू नाही आलं!"

आईने गल्लीकडे पाहिलं. खाली उभ्या असलेल्या, धापा टाकणाऱ्या मुलाकडे पाहिलं.

"काही नाही गं!" ती ओरडली. "गोळ्या वेळेवर घेत जा!"

*

पुरस्काराची पाहणी पुढच्या आठवड्यात झाली. पाहणी करणाऱ्या बाई घरोघर जाऊन नागरिकांना एकच प्रश्न विचारत होत्या. त्या तिसऱ्या मजल्यावर आल्या तेव्हा त्यांना दरवाज्याला टेकून उभं राहावं लागलं. तोंडातून शब्द फुटेना. आईने त्यांना बसवलं, पाणी दिलं.

"आजी," श्वास जागेवर आल्यावर बाईंनी विचारलं, "नगरपालिकेच्या सेवेबद्दल तुमची काही तक्रार?"

सावकाशराव आतल्या दारात उभे होते. सगळा जीव त्यांच्या कानांत गोळा झाला होता. आईने एक शब्द बोलावा, फक्त एक, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आणि बोलू नये असंही वाटत होतं.

आई गॅलरीपलीकडच्या बंद खिडकीकडे बघत होती. "नाही बाई," ती म्हणाली. "माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही. तू अजून पाणी पी. जिने चढून दमलीस."

बाईंनी 'समाधानी' या रकान्यात खूण केली, आभार मानले आणि कठड्याला धरत धरत उतरून गेल्या. शहराला पुरस्कार मिळाला. सत्काराच्या दिवशी व्यासपीठावरून विचारण्यात आलं, कुणाची काही तक्रार असेल तर आत्ता सांगा. भरल्या सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली, आणि मग टाळ्या झाल्या. सावकाशरावांनीही वाजवल्या. त्यांचा कागद अजून नोंदणीबाईंच्या टेबलावर आहे. बाई रोज त्यावरची धूळ झटकतात. तो आलेला नाही.

ज्या घरांपर्यंत पाहणी पोचू शकली नाही, ती सगळी समाधानी धरावीत असा नियम आहे. त्यात तुमचंही घर आलं. हरकत नसावी, इथवर वाचलंत, पण मध्ये कुठे काही बोलला नाहीत. आणि तुमच्या जिन्यातला तो दिवा गेला आहे ना, बऱ्याच दिवसांपासून? काळजी नको. शेजाऱ्यांनी कळवलं असेलच.